जुन्या वर्तमानपत्रांची पाने, एक लेन्स आणि दोन सेन्सर : एक प्रकरण अभ्यास

महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या सार्वजनिक वाचनालयात जुन्या मराठी वर्तमानपत्रांचे बांधीव खंड आहेत. कागद इतका ठिसूळ झाला आहे की पान उलटताना कडा झडतात. म्हणून प्रत्येक पानाचे एकदाच चांगले छायाचित्र घ्यावे आणि त्यानंतर खंड वाचकांना हाताळायला देऊ नयेत, असे कार्यकारिणीने ठरवले. वाचनालयाकडे निकॉन डी ७२०० हा कॅमेरा आणि निकॉनचीच ६० मिलिमीटरची एफ २.८ मायक्रो, म्हणजे जवळून बारीक तपशील टिपण्यासाठीची, लेन्स होती. काम सुरू झाले, काही खंडांची छायाचित्रे झालीही, आणि मग तपासणी करणाऱ्या ग्रंथपालांच्या एक गोष्ट लक्षात आली. पान पडद्यावर पूर्ण दिसते तेव्हा सारे ठाकठीक वाटते, पण बाजारभाव, जाहिराती किंवा कोर्टाच्या नोटिसा अशा बारीक टायपातला मजकूर मोठा करून वाचू लागले की ‘ब’ आणि ‘व’ यांतला फरक कळत नाही, ‘ष’ आणि ‘प’ एकसारखे दिसतात आणि अनुस्वारांचे ठिपके शिरोरेषेच्या वरच्या करड्या छटेत विरून जातात. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या मजकुरात अनुच्चारित अनुस्वारांची रेलचेल असल्यामुळे ही उणीव किरकोळ म्हणून सोडून देण्यासारखी नव्हती.

एका हितचिंतकाने आपला निकॉन डी ७५० कॅमेरा दोन दिवसांसाठी दिला. त्यावर तीच ६० मिलिमीटरची लेन्स लावली, तेच पान तेवढ्याच चौकटीत घेतले आणि ‘ब’ च्या पोटातली तिरकी रेघ स्वच्छ दिसू लागली. डी ७५० चा सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातला प्रतिमा टिपणारा भाग, डी ७२०० पेक्षा मोठा आहे. ‘मोठा सेन्सर घ्या, प्रश्न मिटेल’ असा सल्ला त्यातून सहजच निघाला. पण नवा कॅमेरा घ्यायचा तर वाचनालयाच्या अंदाजपत्रकातली पुस्तकखरेदीची बरीच रक्कम त्यात जाणार होती. त्यामुळे फरक नेमका कशाने पडला आणि तो पैसे न खर्चता मिळवता येईल काय, एवढ्या मर्यादित प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे काम माझ्याकडे आले.

या तुलनेत एक सोय आपोआप झाली होती. दोन्ही कॅमेऱ्यांची पिक्सेलसंख्या जवळपास सारखीच, म्हणजे सुमारे २.४ कोटी आहे. डी ७२०० चे चित्र ६००० × ४००० पिक्सेलचे असते आणि डी ७५० चे ६०१६ × ४०१६ पिक्सेलचे. पानाची उंची ६०० मिलिमीटर आणि रुंदी ४०० मिलिमीटर होती. त्यामुळे दोन्ही कॅमेऱ्यांत पानाच्या प्रत्येक मिलिमीटरला सुमारे १० पिक्सेल मिळत होते. बारीक टायपातले अक्षर अंदाजे दोन मिलिमीटर उंच आणि त्यातली सर्वांत बारीक रेघ सुमारे ०.१५ मिलिमीटर जाड होती, म्हणजे दोन्हीकडे त्या रेघेच्या वाट्याला दीड पिक्सेल येत होता. पिक्सेल सारखे आणि लेन्सही तीच असताना फरक पडला, म्हणून कारण सेन्सरच्या आकारातच शोधणे भाग होते.

डी ७५० चा सेन्सर ३५.९ × २४ मिलिमीटर आहे, तर डी ७२०० चा २३.५ × १५.६ मिलिमीटर. ६०० मिलिमीटरचे पान पहिल्यावर सुमारे १६.७ पट आणि दुसऱ्यावर सुमारे २५.५ पट लहान होऊन उतरते. सारा मुद्दा या दोन आकड्यांत आहे. पानावरची ०.१५ मिलिमीटरची रेघ आणि तिच्या शेजारची तेवढीच मोकळी जागा मिळून ०.३ मिलिमीटरची एक जोडी होते, म्हणजे पानाच्या एका मिलिमीटरमध्ये अशा सुमारे ३.३ रेषाजोड्या मावतात. हाच तपशील मोठ्या सेन्सरवर मिलिमीटरमागे सुमारे ५५ रेषाजोड्यांच्या दाटीने येतो आणि लहान सेन्सरवर सुमारे ८५ च्या दाटीने. लेन्सला पान ठाऊक नसते. तिच्यापुढे ५५ किंवा ८५ रेषाजोड्या ठेवल्या जातात आणि तिला त्या एकमेकींत न मिसळता उतरवाव्या लागतात. पडद्यावर किंवा कागदावर ते चित्र पुन्हा पानाच्या आकाराचे होताना लहान सेन्सरवरची प्रत्येक पुसटता दीडपटीहून थोडी जास्त ताणली जाते. पोळी जितकी मोठी लाटावी तितकी ती पातळ होते, तसाच हा प्रकार आहे. म्हणून ‘ही लेन्स शार्प आहे’ हे वाक्य सेन्सरचा आकार सांगितल्याशिवाय अपुरेच राहते. लेन्स बनवणाऱ्या कंपन्यांना हे पक्के ठाऊक आहे. पूर्ण चौकटीच्या, म्हणजे डी ७५० इतक्या मोठ्या सेन्सरसाठीच्या, लेन्सचे एमटीएफ आलेख (लेन्स बारीक रेषा कितपत ठळक उतरवते ते दाखवणारे) बहुधा मिलिमीटरमागे १० आणि ३० रेषाजोड्यांसाठी काढलेले असतात. याउलट ऑलिम्पसने आपल्या मायक्रो फोर थर्ड्स या लहान सेन्सरसाठीच्या लेन्सचे आलेख २० आणि ६० रेषाजोड्यांसाठी दिले, कारण त्या सेन्सरची रुंदी १७.३ मिलिमीटर, म्हणजे पूर्ण चौकटीच्या जवळपास निम्मी आहे. निकॉन मात्र डीएक्स (डी ७२०० इतक्या लहान सेन्सरसाठीच्या) लेन्सचे आलेखही १० आणि ३० वरच देते. त्यामुळे डीएक्स लेन्सचा आणि पूर्ण चौकटीच्या लेन्सचा आलेख शेजारी ठेवून ‘दोन्ही सारख्या’ म्हणणारा ग्राहक नकळत लहान सेन्सरला झुकते माप देतो.

इथपर्यंतचे स्पष्टीकरण मोठ्या सेन्सरच्या बाजूचे आहे आणि बहुतेक ठिकाणी ते इथेच थांबते. पण आम्ही फाइलींतली माहिती उघडून पाहिली, तेव्हा जुनी सर्व छायाचित्रे एफ १६ वर घेतलेली आढळली (एफ चा आकडा जितका मोठा तितके लेन्सचे छिद्र लहान). हितचिंतकाच्या कॅमेऱ्यावरची चाचणीही ‘तुलना सारखी व्हावी’ म्हणून एफ १६ वरच झाली होती. छायाचित्रकाराला विचारले, तेव्हा त्याने दोन कारणे सांगितली. जाड खंडाचे पान शिवणीकडे उचलले जाते, तिथपर्यंत फोकस पुरावा म्हणून त्याने छिद्र बंद केले होते. शिवाय छिद्र जितके लहान तितके चित्र रेखीव, असे तो शिकला होता. पहिले कारण रास्त आहे. दुसरे एका मर्यादेपर्यंतच खरे आहे, आणि त्या मर्यादेच्या पलीकडेच हे सारे काम चालले होते.

छिद्र लहान केले की लेन्सची विपथने, म्हणजे तिच्या रचनेतून येणारे प्रतिमेचे दोष, कमी होतात, पण प्रकाशाचे विवर्तन, म्हणजे छिद्रातून जाताना होणारे पसरणे, वाढते. एका बिंदूची प्रतिमा मग बिंदू न राहता एक लहानशी चकती होते, आणि तिचा व्यास हिरव्या प्रकाशासाठी एफ ८ ला सुमारे १०.७ मायक्रॉन, तर एफ १६ ला सुमारे २१.५ मायक्रॉन भरतो. ही चकती लेन्सच्या दर्जावर किंवा किमतीवर अवलंबून नसते. ती फक्त एफ क्रमांकावर आणि प्रकाशाच्या तरंगलांबीवर ठरते. डी ७२०० चा पिक्सेल ३.९ मायक्रॉनचा आहे, म्हणजे एफ १६ ला ही चकती साडेपाच पिक्सेलइतकी पसरते. डी ७५० च्या ६ मायक्रॉनच्या पिक्सेलवर तीच चकती साडेतीन पिक्सेलांत आवरते.

कोणतेही विपथन नसलेली निर्दोष लेन्स धरून, ५५० नॅनोमीटर तरंगलांबीसाठी हिशेब केला, तर चित्र अधिक स्पष्ट होते. एफ १६ वर मिलिमीटरमागे ५५ रेषाजोड्यांचा मूळ कॉन्ट्रास्ट (गडद-फिकट यांतला फरक) सुमारे ४१ टक्के उरतो, पण ८५ रेषाजोड्यांचा जेमतेम १५ टक्के. जुन्या पिवळट कागदावर शाई आधीच करडी पडलेली असते, तिचा १५ टक्के उरला तर ‘ब’ ची तिरकी रेघ पोटातल्या छटेत बुडणारच. संगणकावर शार्पनिंग वाढवून ती काही प्रमाणात वर काढता येते, मात्र तिच्याबरोबर कागदाचे तंतू आणि सेन्सरचा कणीदारपणाही वर येतो आणि अक्षर खडबडीत दिसू लागते. छिद्र एफ ११ केले तर हेच आकडे अनुक्रमे ५८ आणि ३८ टक्क्यांवर जातात, आणि एफ ८ वर ७० आणि ५४ टक्क्यांवर. लहान सेन्सरवर एफ ५.६ ठेवले तर ८५ रेषाजोड्यांनाही ६७ टक्के कॉन्ट्रास्ट मिळतो. डी ७५० वर एफ १६ ला जे मिळाले होते, त्याहून हे कितीतरी अधिक आहे. उसन्या कॅमेऱ्याने दाखवलेला फरक खरा होता यात शंका नाही, पण त्यातला मोठा भाग लहान सेन्सरला सर्वांत महाग पडणाऱ्या छिद्रावर तुलना केल्यामुळे दिसला होता.

मग छिद्र उघडले तर शिवणीकडच्या पानाचे काय? सर्वांत जाड खंडाचे पान सपाट भागापेक्षा शिवणीजवळ सुमारे २५ मिलिमीटर उचलले जात होते. पानावर मोजता ०.१ मिलिमीटरपर्यंतची पुसटता चालवून घ्यायची असे ठरवले (रेघेची जाडी ०.१५ मिलिमीटर असल्याने ही मर्यादा वाजवी वाटते), तर लहान सेन्सरवर एफ १६ ला सुमारे ८५ मिलिमीटर खोलीपर्यंत फोकस पुरतो. गरज २५ ची असताना ८५ ची सोय केली होती आणि तिची किंमत बारीक अक्षरांनी मोजली होती. एफ ५.६ ला ही खोली सुमारे ३० मिलिमीटर होते. फोकस पानाच्या सर्वांत खालच्या आणि वरच्या पातळीच्या मधोमध धरला तर तेवढी पुरते.

याच हिशेबातून एक गोष्ट निघते, जी मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत उद्बोधक वाटते. मोठ्या सेन्सरवर एफ ८ ला फोकसची खोली सुमारे २८ मिलिमीटर मिळते, म्हणजे लहान सेन्सरच्या एफ ५.६ इतकीच. विवर्तनानंतर उरणारा कॉन्ट्रास्टही ७० आणि ६७ टक्के, म्हणजे जवळपास सारखा. किंचित फरक दिसतो तो एवढ्याचसाठी की तंतोतंत जोडी एफ ८ आणि एफ ५.२ अशी हवी होती. चौकट तीच आणि खोली तीच हवी असेल, तर विवर्तनाच्या बाबतीत मोठ्या सेन्सरची आघाडी पुसली जाते, कारण तेवढ्याच खोलीसाठी त्याला छिद्र अधिक बंद करावे लागते. सेन्सरच्या आकाराबद्दलच्या वादात ही बाजू क्वचितच मांडली जाते. कॅमेऱ्याच्या दुकानात तर नाहीच नाही.

तरी बरोबरी संपूर्ण होत नाही. आतापर्यंतचे टक्के निर्दोष लेन्सचे आहेत. खऱ्या लेन्समध्ये विपथने असतात, आणि लहान सेन्सरला एफ ५.६ इतक्या उघड्या छिद्रावर ८५ रेषाजोड्या मागायच्या, तर मोठ्याला एफ ८ वर ५५ च पुरतात, म्हणजे मोठ्या सेन्सरवर लेन्सला सर्व बाजूंनी सोपी परीक्षा द्यावी लागते. ६० मिलिमीटरची मायक्रो लेन्स एफ ५.६ ला चांगलीच सावरलेली असल्यामुळे आमच्या कामात या फरकाने अडवले नाही, पण एखाद्या साध्या झूम लेन्सवर तो ठळकपणे दिसला असता. तसेच वस्तू खरोखर सपाट असेल, उदाहरणार्थ काचेखाली ठेवलेले सुटे पान, तर फोकसच्या खोलीची अट उरत नाही. मग मोठ्या सेन्सरवर एफ ५.६ ठेवून सुमारे ७९ टक्के कॉन्ट्रास्ट मिळवता येतो. लहान सेन्सरवर तेवढेच हवे तर एफ ४ च्या जवळ जावे लागते, आणि तिथे लेन्सची स्वतःची उणीव डोकावू लागते. लेन्सला वाव देण्याच्या बाबतीत मोठा सेन्सर खराच पुढे आहे.

कोपऱ्यांची गोष्ट उलट्या दिशेने जाते. पूर्ण चौकटीचा कोपरा लेन्सच्या अक्षापासून सुमारे २१.६ मिलिमीटरवर असतो आणि डीएक्स सेन्सरचा सुमारे १४ मिलिमीटरवर. पूर्ण चौकटीसाठी बनवलेली लेन्स लहान सेन्सरवर लावली की तिच्या प्रतिमेचा मधला, चांगला भागच वापरला जातो, हे बरोबर आहे. पण त्यावरून ‘लहान सेन्सरवर लेन्स अधिक शार्प होते’ असा जो निष्कर्ष काढला जातो, तो मध्यभागापुरता साफ चुकीचा आहे, कारण तिथे दीडपट ताणण्याचा तोटा पूर्णपणे सोसावा लागतो. कोपऱ्यात मात्र लेन्स किती ढासळते यावर निकाल लागतो. मायक्रो लेन्सचे प्रतिमाक्षेत्र सपाट ठेवण्याकडे रचनेतच लक्ष दिलेले असते, त्यामुळे आमच्या पानांच्या कोपऱ्यांत डी ७५० मागे पडला नाही. त्याच कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटर एफ १.८ सारखी साधी लेन्स उघड्या छिद्रावर वापरली, तर सपाट पानाच्या कोपऱ्यांत फरक पडू शकतो.

प्रत्यक्ष कामातली दुसरी अडचण अंतराची होती. ६० मिलिमीटरच्या लेन्सने पूर्ण पान चौकटीत घ्यायचे, तर डी ७५० पानापासून सुमारे १.०६ मीटरवर पुरतो, पण डी ७२०० ला जवळजवळ १.६ मीटर वर न्यावे लागते. वाचनालयाच्या कॉपी स्टँडचा खांब तेवढा उंच नव्हता, म्हणून कॅमेरा भिंतीला ठोकलेल्या लोखंडी कोनावर (ब्रॅकेटवर) बसवला होता, आणि पलीकडच्या खोलीत दार आपटले तरी तो हलत असे. छिद्र एफ १६ वरून एफ ५.६ केल्याने प्रकाशाचा काळ आठपट कमी झाला. तरीही कॅमेऱ्यातल्या आरशाच्या धक्क्याची शंका नको, म्हणून मिरर-अप (तो आरसा आधीच वर उचलून ठेवण्याची सोय) आणि रिमोट वापरायला सांगितले. कॅमेरा पानाला समांतर आहे की नाही, हे तपासण्यासाठी पानाच्या जागी लहान आरसा ठेवून लेन्सचे प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यभागी येईपर्यंत कॅमेऱ्याचा कल जुळवला. ही जुनी युक्ती आहे आणि लेझरच्या साधनांच्या तुलनेत तिला काहीच खर्च येत नाही. कॅमेरा तिरका असेल तर एक कोपरा पुसट येतो आणि दोष बिचाऱ्या लेन्सच्या माथी बसतो.

डी ७५० च्या बाजूने दिसलेल्या फरकाबाबत आणखी एक नोंद आवश्यक आहे. त्या कॅमेऱ्याच्या सेन्सरसमोर लो-पास फिल्टर आहे, म्हणजे तो मुद्दाम चित्र किंचित मऊ करतो, तर डी ७२०० मध्ये तो नाही. त्यामुळे पिक्सेलच्या पातळीवर लहान सेन्सरला थोडी सवलतच मिळालेली होती, आणि तरीही एफ १६ वर तो हरला. छिद्र उघडल्यावर मात्र या फिल्टरच्या अभावाची दुसरी बाजू समोर आली. नंतरच्या काळातल्या खंडांत छापलेली छायाचित्रे जाळीच्या ठिपक्यांची आहेत. वर्तमानपत्रासाठी इंचाला ६५ रेषांची जाळी सर्रास वापरली जाई, म्हणजे मिलिमीटरमागे सुमारे २.५६ ठिपके. आपल्याकडे मिलिमीटरमागे १० पिक्सेल आहेत, पण सेन्सरवर लाल किंवा निळा पिक्सेल त्याच्या ओळीत एक सोडून एकच येत असल्यामुळे त्या रंगांसाठी मिलिमीटरमागे ५ च नमुने मिळतात आणि त्यांची नायक्विस्ट मर्यादा, म्हणजे नीट टिपता येणारी कमाल दाटी, २.५ रेषाजोड्यांवर येते. जाळी नेमकी त्या मर्यादेवर येऊन बसते आणि काळ्यापांढऱ्या फोटोवर गुलाबी-हिरव्या लाटा उमटतात. एफ १६ वर त्या सौम्य होत्या, कारण विवर्तन जवळजवळ फिल्टरचे काम करत होते. रंगाची माहिती काढून टाकून करड्या छटेत साठवल्यास त्या बहुतांशी जातात. कागदाचा पिवळेपणा जपायचा असेल तर फोटो असलेल्या पानांचे दुसरे छायाचित्र एफ ११ वर घ्यावे, असे सुचवले.

राहिला प्रश्न दर्जाच्या अटीचा. ही छायाचित्रे पुढे एखाद्या मोठ्या संग्रहात द्यायची झाली, तर इंचाला ३०० पिक्सेल ही अट सहसा घातली जाते. मिलिमीटरला १० पिक्सेल म्हणजे इंचाला २५४. दोन्ही कॅमेरे इथे सारखेच अपुरे पडतात आणि सेन्सर मोठा असून उपयोग होत नाही, कारण ही अट पिक्सेलसंख्येची आहे. ४.५७ कोटी पिक्सेलचा निकॉन डी ८५० तेच पान इंचाला सुमारे ३४९ पिक्सेलवर टिपतो. पण डी ७२०० ने पानाचे वरचा आणि खालचा असे दोन भाग थोडे एकमेकांवर चढवून घेतले, प्रत्येक भाग ३२० मिलिमीटरचा धरला, तरी इंचाला सुमारे ३१७ पिक्सेल मिळतात. शिवाय सेन्सरवरची दाटी ८५ वरून ६८ रेषाजोड्यांवर येते आणि लेन्सचे ओझे हलके होते. फोकसची खोली एफ ५.६ वर सुमारे २४ मिलिमीटरपर्यंत घटते. ती जाड खंडांना निसटती अपुरी पडत असल्याने तिथे एफ ६.३ वापरावे लागते. एकाच कॅमेऱ्याच्या लहान सेन्सरकडून मोठ्या सेन्सरइतके काम करून घेण्याचा हा मार्ग आहे, फक्त प्रत्येक पानाला शटर दोनदा दाबावे लागते आणि तेवढा मजुरीचा वेळ वाढतो.

कार्यकारिणीला दिलेली शिफारस अशी होती. नवा कॅमेरा सध्या घेऊ नये. एफ १६ वर घेतलेल्या खंडांपैकी बारीक टायपाची पाने तेवढी पुन्हा घ्यावीत, मोठ्या टायपातले अग्रलेख आणि बातम्या आहेत तशा राहू द्याव्यात. बारीक टायपाची पाने दोन भागांत एफ ५.६ ते एफ ६.३ वर, बाकीची पूर्ण पाने एफ ५.६ वर घ्यावीत. खर्च करायचाच असेल तर निकॉनची ४० मिलिमीटर डीएक्स मायक्रो लेन्स घ्यावी, म्हणजे पूर्ण पानासाठीचे अंतर १.०६ मीटरवर येऊन कॅमेरा भिंतीवरच्या कोनावरून पुन्हा स्टँडवर आणता येईल. ती लेन्स घेण्यापूर्वी मात्र याच पानांच्या कोपऱ्यांवर चाचणी घ्यावी, कारण तिला स्वतःच्या प्रतिमेच्या कडेपर्यंत ८५ रेषाजोड्या द्याव्या लागतील. ६० मिलिमीटरच्या लेन्सला लहान सेन्सरवर हे कधीच करावे लागले नव्हते.

कार्यकारिणीने पहिल्या तिन्ही शिफारशी मान्य केल्या. लेन्सचा विषय पुढच्या बैठकीवर गेला आहे, आणि तोवर पलीकडच्या खोलीच्या दाराला रबरी पट्टी लावून घेतली आहे.